डाव्या काखेतली गाठ

जयाबाईंनी ब्राह्मीचा डावा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि दोन बोटं हळूच तिच्या काखेत सरकवली. ब्राह्मीने डोळे मिटून घेतले. खोपीच्या दाराबाहेर तिचे वडील, आण्णाप्पा पाटील, आतल्या बाजूला पाठ करून उभे होते. मघापासून ते डोक्याचा पटका सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

गाठ होती. जांभळाएवढी आणि टणक. जयाबाईंनी ती बोटांत धरून इकडेतिकडे हलवून पाहिली. मग दंडावरचं फडकं सोडून देवी टोचलेली जागा पाहिली. फोड टपोरा भरला होता आणि त्याच्याभोवती तांबडं कडं उमटलं होतं. कपाळ कढत होतं. पण पोरीने डोळे उघडले तेव्हा ते स्वच्छ होते, नजर जागेवर होती.

"गाठ कधी कळली?"

"परवा न्हाताना," ब्राह्मी म्हणाली. "आईला आज सांगितलं."

"परवाच का नाही सांगितलंस?"

ब्राह्मी बांगड्यांशी चाळा करू लागली. तिच्या हातातला हिरवा चुडा नवाकोरा होता. जयाबाईंनी पुढे विचारलं नाही.

आठवड्याच्या आत तिचं लग्न होतं. चिकोडीकडच्या रायगोंडा मगदुमांचा मुलगा नेमू हा नवरा. दोन्ही घरं जैनांची, दोन्हीकडे तंबाखूची शेती, आणि सोयरिकीवर सगळे खूश होते. मध्येच वेदगंगेच्या काठच्या एका गावात देवीची साथ उठली, आणि आजूबाजूच्या गावांत टोचायला सरकारने गुंडूला पाठवलं. गुंडू सायकलवर लशीची पेटी बांधून गावोगाव फिरायचा. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत. लग्नाला दोन्हीकडची माणसं जमणार, तेव्हा आधी टोचून घेतलेलं बरं, असं आण्णाप्पांनीच ठरवलं आणि सगळ्या घराला सोप्यात रांगेत बसवलं. ब्राह्मीला लहानपणी टोचलेलं नव्हतं. तिची आज्जी तेव्हा हयात होती. ही लस वासराच्या अंगावर काढतात हे तिच्या कानावर आलं होतं, आणि टोचणारा आला की ती नातीला घेऊन मळ्यात जाऊन बसायची.

टोचून आठवडा उलटला आणि तंबाखूच्या वखारीत एक मेलेला उंदीर सापडला. त्यानंतर ब्राह्मीला ताप आला, आणि काखेत गाठ.

त्या भागात गाठ हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. प्लेगात अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहिल्याचं आण्णाप्पांनी लहानपणी पाहिलं होतं. परत आलेल्या घरांपैकी काहींची दारं पुढे उघडलीच नव्हती. ब्राह्मीची आई लक्ष्मीबाई हिने पोरीच्या काखेला हात लावला मात्र, आणि कुणाला काही न सांगता तिला मळ्यातल्या खोपीत आणून ठेवलं. घरात सांगितलं, पोरीला गोंगाटाने डोकं दुखतंय. गुंडूला गाठून तिने निपाणीला पिटाळलं, कारण निपाणीच्या दवाखान्यात बाई डॉक्टर होती. पुरुषाला नवरीची काख दाखवायची कशी?

जयाबाई बेळगावच्या. वडील कॅम्पातल्या एका शाळेत मास्तर. त्यांनीच मुलीला पुण्याला वैद्यकीचं शिकायला पाठवलं होतं. निपाणीला येण्याआधी जिथे ही लस तयार होते तिथे त्यांनी काही महिने काम केलं होतं, आणि तेव्हापासून एका प्रश्नाने त्यांचा पिच्छा पुरवला होता. टोचतात दंडावर, मग काखेत गाठ का येते? त्यांच्या वरिष्ठांनी हसून सांगितलं होतं की ती येते आणि जाते, तिच्याकडे बघत बसायचं कारण नाही. पण जयाबाई बघत बसल्या. निपाणीत टोचलेलं पोर कुठेही दिसलं की त्या त्याचा हात वर करून काख चाचपायच्या. पोरांना गुदगुल्या व्हायच्या, आया पदराआड हसायच्या. बाजारात त्यांना 'काखा बघणारी डाक्टरीण' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे.

त्या खोपीबाहेर आल्या तसे आण्णाप्पा पुढे झाले आणि हात जोडले.

"बाई, साधा ताप हाय म्हणून सांगा. गाठीचं नाव घेऊ नका. हे मगदुमांच्या कानावर गेलं तर पोरीचं लगीन मोडलंच, आणि पुढं कुणी तिला विचारणार बी न्हाय."

"आणि ती गाठ प्लेगची असली तर?"

आण्णाप्पांनी जोडलेले हात सोडले. सगळं गाव एका मांडवात जेवायला बसणार होतं.

जयाबाईंना मनातून वाटत होतं की ही प्लेगची गाठ नव्हे. प्लेगच्या गाठीला बोट लावू देत नाहीत, माणूस किंचाळतो. इथे गाठ बोटाखाली सरकत होती. दंडावरचा फोड ऐन भरात होता, आणि याच सुमाराला पोरांच्या काखेत गाठी येताना त्यांनी पाहिल्या होत्या. पण ती पोरं होती. एवढ्या मोठ्या मुलीला पहिल्यांदाच टोचलेलं त्यांनी कधी तपासलं नव्हतं, आणि पोरांच्या गाठी एवढ्या मोठ्या नव्हत्या. शिवाय वखारीत उंदीर पडला होता. आपल्याला एखादी गोष्ट खरी असावीशी वाटते म्हणून ती खरी ठरत नाही, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. त्यांनी आण्णाप्पांना सांगितलं की उद्यापर्यंत कुणाला काहीच सांगायचं नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही; आणि तोवर आपण इथेच राहू. लक्ष्मीबाईने दुसरी वाकळ आणली. जयाबाईंनी ती ब्राह्मीच्या वाकळेला लागून अंथरली.

हे पाहून ब्राह्मीला धीर आला असावा. तिने विचारलं, "आक्का, मी मरतीय काय?"

"मला तसं वाटत नाही. पण मला वाटणं पुरेसं नाही, म्हणून तर राहिलेय."

"मग ही गाठ कशाची?"

जयाबाईंनी जरा विचार केला. पुस्तकात याचं नीट उत्तर त्यांना मिळालं नव्हतं. जे होतं ते त्यांच्या बोटांना कळलेलं होतं.

"तुमच्या गावात तालीम आहे ना? तशी ही तालीम आहे असं मला वाटतं. दंडावर देवीचं थोडंसं विष शिरलं. ते काखेपर्यंत आलं आणि तिथे अंगातले पैलवान जमले. आता ते डाव शिकतायत. गर्दी झाली की तालीम फुगणारच. पुढे खरी देवी आली तर यांना डाव माहीत असेल."

ब्राह्मीने उजव्या हाताने गाठ चाचपून पाहिली, या वेळी जरा आदराने. मग बराच वेळ मनात धरलेलं तिने विचारलं.

"आणि त्या वासराचं काय करत्यात?"

"अंगावरची लस खरवडून घेतात. जखम भरली की मालकाला परत. एक रेडकू तर माझा पदर चघळायचं. जाताना मलाच वाईट वाटलं."

"मग बरं," ब्राह्मी म्हणाली, आणि कुशीवर वळली.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर जयाबाई गावात गेल्या. पाटलांच्या सोप्यात बायका शेवया करत होत्या. जयाबाई दिसताच हात थांबले. नवरीला डोकेदुखी म्हणून मळ्यात नेलं आणि मागोमाग डाक्टरीण आली, याचा अर्थ बायकांनी आपापल्या परीने लावलेला होता. कुणी उघड विचारलं नाही. जयाबाईंनीही काही सांगितलं नाही. त्या पाटाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, गुंडूने कुणाकुणाला टोचलं? मग आता प्रत्येकीने दुसऱ्या हाताने आपली डावी काख चाचपून बघायची आणि काय लागतं ते मला सांगायचं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी ब्राह्मीची चुलती मालुबाई, जिचा आवाज वेशीपर्यंत जायचा, तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि चोळीत घातला. तिचं तोंड गंभीर झालं, मग चमत्कारिक झालं.

"अगंबाई. इथं कायतरी हाय."

"केवढं?"

"हरभऱ्याएवढं. बोट लावलं की पळतंय."

ते ऐकून दुसरीनेही हात घातला. तिसरीने घातला. तिलाही होतं, वाटाण्याएवढं. एकीला आधी होतं, आता गेलं होतं. मालुबाईला तिच्या धाकट्या जावेने तपासायला घेतलं, तर गुदगुल्यांनी ती लोळायचीच राहिली आणि शेवयांचा पाट कलंडता कलंडता वाचला. सोप्यात हशा उसळला. जयाबाई मात्र हसता हसता प्रत्येकीचा दंड उघडून बघत होत्या. ज्यांच्या दंडावर लहानपणच्या टोचणीचे जुने वण होते, त्यांचे फोड लवकर येऊन लवकर सुकले होते आणि गाठी बारीक होत्या. अंगाला जुनी ओळख पटली होती, असंच म्हणायचं. पण गुंडूच्या आधी जिला कधीच टोचलं नव्हतं अशी एकही त्यांच्यात सापडेना, आणि ब्राह्मीशी ताडून बघायला जयाबाईंना नेमकी तीच हवी होती.

तेव्हा कोपऱ्यात शेवया वाळत घालणारी घरातली नवी सून उठली. ती कोकणातून या घरी आलेली. तिच्या डोंगरातल्या माहेरी टोचणारा कधी पोचलाच नव्हता. ती काही न बोलता जयाबाईंसमोर येऊन बसली आणि डावा हात जेमतेम खांद्यापर्यंत उचलला. त्याहून वर तो जाईना.

गाठ जांभळाएवढी होती. सरकत होती.

"ताप आला होता?"

"आला आणि गेला. आता बरं वाटतंय."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"मला पण मळ्यात ठेवतील म्हणून न्हाय सांगितलं," ती म्हणाली, आणि रडू लागली.

जयाबाईंनी तिला जवळ घेतलं. मालुबाईही पुढे आली आणि पिठाच्या हातानेच तिची पाठ थोपटू लागली. तिच्या लुगड्यावर पांढरे पंजे उमटले. जयाबाईंना त्या क्षणी इतका आनंद झाला होता की तो लपवणं कठीण जात होतं. ही मुलगी तापातून उठून शेवया वाळत घालत होती.

तरी त्यांनी रात्र जाऊ दिली. सकाळी ब्राह्मीचं कपाळ गार होतं, आणि तिने भूक लागल्याचं सांगितलं. लक्ष्मीबाईने आणलेली भाकरी जयाबाईंनी तिच्याच ताटलीतून तिच्यासोबत खाल्ली, आणि खोपीच्या दाराशी उभ्या असलेल्या आण्णाप्पांनी ते पाहिलं. त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. ते बांधावर जाऊन बसले आणि किती तरी वेळ तिथेच बसून राहिले.

सगळे घरी परत येतात न येतात, तोच रायगोंडा मगदूम एकटेच चालत दारात आले. गाडी त्यांनी गावाबाहेर चिंचेखाली सोडली होती. लग्न चार दिवसांवर असताना नवऱ्याचा बाप बोलावण्याशिवाय आला, तोही चालत, आणि चेहरा असा की कुणी त्याला पाणी घ्या म्हणायलाही धजावेना. आण्णाप्पांचा रंग उडाला. बातमी फुटली होती, दुसरं काय असणार? लक्ष्मीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. जयाबाई पुढे होऊन सांगायला निघाल्या की मुलगी ठणठणीत आहे, पण रायगोंडांनी कुणालाच बोलू दिलं नाही. सोप्यात बसायलाही ते तयार नव्हते.

"आण्णाप्पा, मी उंबऱ्याच्या आत येत न्हाय. सांगून जातो. लगीन तुमच्याकडनं मोडा. मी राग धरणार न्हाय."

आण्णाप्पांना कळेना.

"माझ्या पोराच्या काखंत गाठ आलीया," रायगोंडा म्हणाले. "घरात बायकोबिगर कुणाला म्हाईत न्हाय. ती म्हणत होती, गप बसा, लगीन उरकून घ्या. पण पोरगी तुमची हाय. लपवून तिला आणली तर मला माझ्याच घरात तोंड वर करता यायचं न्हाय."

 आण्णाप्पा हळूहळू सोप्यातून खाली उतरले, अंगणात रायगोंडांच्या समोर येऊन उभे राहिले.

"कुठल्या काखंत?"

"डाव्या."

"गुंडूनं टोचलं होतं?"

"व्हय. तुमच्याकडनं तो आमच्याकडंच आलता."

आण्णाप्पांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"आमच्या ब्राह्मीच्या बी डाव्याच काखंत हाय, पाव्हणं. आणि मी ते तुमच्यापास्नं लपवणार होतो."

 मग आतून मालुबाईचं हसू फुटलं. तिने तोंडात पदर कोंबला होता, पण उपयोग झाला नाही. तिच्यामागोमाग एकेक करून सगळ्याच हसू लागल्या. रायगोंडा आधी चिडले. आपण काळजावर दगड ठेवून आलो आणि या बायका हसतायत? तेव्हा जयाबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून सगळं समजावलं, आणि पुरावा म्हणून मालुबाईने आपल्या काखेतल्या हरभऱ्याचं वर्णन इतक्या तपशिलात केलं की व्याह्यांना मान फिरवून बसावं लागलं. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसतायत की रडतायत हे आण्णाप्पांना कळलं नाही. त्यांनी जाऊन व्याह्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग त्यांनाच आपलं आवरेना.

नेमू चिंचेखाली गाडीत बसलेला होता. वडिलांनी त्याला उतरायला मनाई केली होती. उंच, आडव्या हाडाचा तरुण, तालमीत जाणारा. पण डाक्टरीण काख दाखव म्हणाली तेव्हा लाजून लाल झाला. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दंडावर जुना वण नव्हता, गाठ मोठी होती, सरकत होती, ताप उतरणीला लागला होता. जयाबाईंनी त्याला सगळं सांगितलं.  मग वडील काय म्हणाले, ब्राह्मी कशी आहे, तिला फार ताप होता का, हे त्याने एकामागून एक विचारलं. निघताना, बैलांकडे बघत, त्याने आणखीही काही विचारलं. जयाबाईंनी हसू दाबून त्याचं उत्तर दिलं.

त्या परत आल्या तेव्हा ब्राह्मी माजघरात एकटी बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होतीच. तरी तिने सगळं पुन्हा सांगायला लावलं, आणि ऐकून झाल्यावर उजव्या हाताने चेहरा झाकून खूप हसली. मग एकदम थांबली.

"आक्का, त्यांचा हात वर जातोय काय?"

"नाही. तुझ्यासारखाच. अजून काही दिवस तरी नाही जायचा."

ब्राह्मीने मान हलवली आणि काहीतरी मनाशी ठरवलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. वखार झाडून काढली, पण दुसरा उंदीर काही सापडला नाही. जेवणावळ सूर्य मावळायच्या आत उरकायची म्हणून मुहूर्त दुपारचा होता. जयाबाईंना बेळगावहून आलेल्या पाहुण्यांच्या बरोबरीने पुढे बसवलं होतं. मांडवात एव्हाना सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं. येईल ती बाई आधी त्यांच्यापाशी येऊन डावा हात वर करायची, आणि जयाबाईही आनंदाने चाचपायच्या. इतक्या काखा त्यांना निपाणीत वर्षभरात बघायला मिळाल्या नव्हत्या. मालुबाई तर शेजारच्या गावच्या बायकांना हाताला धरून त्यांच्याकडे आणत होती.

उपाध्यांचं शेवटचं मंगलाष्टक संपलं. वाजंत्री सुरू झाली आणि अंतरपाट खाली आला. नेमू ब्राह्मीपेक्षा चांगला वीतभर उंच होता. दोघांच्या हातांत झेंडूच्या भरगच्च माळा होत्या.

ब्राह्मीने त्याला हात उचलावा लागू नये म्हणून मान एकदम खाली घातली. त्याच क्षणी नेमूही तिच्यापुढे कमरेतून वाकला.

दोघांची कपाळं अशी आपटली की पुढे बसलेल्या पाहुण्यांनाही आवाज ऐकू गेला. उपाध्ये अक्षता हातात धरून थांबले. मुंडावळ्या एकमेकांत अडकल्या होत्या आणि त्या सोडवायला दोघांपैकी कुणाचाच डावा हात वर जात नव्हता, आणि उजव्यात माळ होती. सगळा मांडव हसत होता, रायगोंडा आणि आण्णाप्पा एकमेकांचे खांदे धरून उभे होते, आणि नवरा-नवरी मात्र तशीच कपाळाला कपाळ लावून, कुणी येऊन सोडवील म्हणून, अगदी निवांत उभी होती.